नळीची तारीख

पंचवटीतल्या माझ्या आत्याला घरातल्या सगळ्या तारखा आणि तिथी तोंडपाठ. आजोबांचं श्राद्ध कधी, गॅसची टाकी कधी लावली, धाकट्या नातवाचा पुढचा डोस कधी, हे विचारायला आम्ही कधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे गेलो नाही, तिच्याकडे गेलो. अशा बाईच्या पित्तनलिकेत ६ आठवड्यांनी काढायची प्लास्टिकची नळी ९ महिने राहिली. नळी आत आहे हे मुलाला ठाऊक होतं, सुनेला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला.

मी नाशिकमध्ये २२ वर्षं दुर्बिणीच्या विभागात परिचारिका म्हणून काम केलं. ईआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकेच्या दुर्बिणीच्या, टेबलापाशी उभं राहून डॉक्टरांच्या हातात तारा दिल्या, फुगे फुगवले, घाबरलेल्या म्हाताऱ्या माणसांचे हात धरले, शेवटी स्कोप धुतले. तरीही हे माझ्याच घरात घडलं, म्हणून लिहायला बसले आहे. ‘ह्या वयात ही दुर्बीण झेपेल का हो सिस्टर?’ हा प्रश्न मला नातेवाइकांनी किती वेळा विचारला असेल, त्याची मोजदाद नाही. त्याचं उत्तर मी देणार आहे, आणि बहुतेकांना वाटतं त्यापेक्षा ते चांगलं आहे. मात्र टेबलावरच्या त्या तासाभराची सगळे इतकी धास्ती घेतात, की टेबलावर येण्याआधीचे दिवस आणि टेबलावरून उठल्यानंतरचे महिने कुणी मोजतच नाही. म्हातारी माणसं मी तिथे हरवताना पाहिली.

आधी ही प्रक्रिया काय असते ते सांगते. यकृतात तयार होणारं पित्त एका बारीक नलिकेतून आतड्यात उतरतं. निरोगी माणसात ही नलिका साधारण ६ मिलिमीटर रुंद असते, वयाबरोबर थोडी रुंदावते. पित्ताशयातला खडा घरंगळून तिच्यात अडकला की पित्त तुंबतं. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौचाचा रंग मातीसारखा फिका पडतो, अंगाला खाज सुटते. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढले की हुडहुडी भरून ताप येतो, आणि तिथून पुढे संसर्ग रक्तात पसरायला फार वेळ लागत नाही. ईआरसीपीत तोंडावाटे घातलेली दुर्बीण जठर ओलांडून लहान आतड्याच्या सुरुवातीला, नलिकेच्या तोंडाशी नेतात. तिथून बारीक तार आत सरकवायची, नलिकेच्या तोंडाचा आवळलेला स्नायू थोडा कापायचा आणि फुग्याने किंवा जाळीने खडा ओढून आतड्यात सोडून द्यायचा. पोटावर एकही टाका पडत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा या वाटेने पित्तनलिकेच्या तोंडापर्यंत पोहोचून आत औषध सोडून एक्स-रे काढले गेले. १९७४ च्या सुमारास जर्मनी आणि जपानमध्ये स्नायू कापून खडे काढायला सुरुवात झाली. त्याआधी नलिकेतला खडा म्हणजे पोट उघडणं, आणि सत्तरी-ऐंशीच्या माणसाचं पोट उघडणं म्हणजे काय हे जुन्या परिचारिकांना विचारा.

तर, झेपतं का?

१९९६ साली अमेरिका आणि कॅनडातल्या १७ रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्नायू कापण्याची ही प्रक्रिया झालेले २,३४७ रुग्ण त्यात होते. शंभरातल्या जवळपास १० जणांना काही ना काही गुंतागुंत झाली. स्वादुपिंडाला सूज साधारण ५ जणांना, रक्तस्राव २ जणांना. आकडा लहान नाही, आणि कुणी ‘काही होत नाही, नुसती दुर्बीण आहे’ असं सांगत असेल तर ते चूक आहे. पण त्याच अभ्यासाचा पुढचा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गुंतागुंत होणार की नाही हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरलं: प्रक्रिया कशासाठी केली आणि करणाऱ्याचा हात कसा होता. रुग्णाच्या वयावर ते ठरलं नाही. सगळ्यात जास्त आढळणारी गुंतागुंत म्हणजे स्वादुपिंडाची सूज, आणि ती तर म्हाताऱ्यांपेक्षा तरुणांत जास्त होते.

याचा अर्थ वयाला काहीच अर्थ नाही असा कुणी घेऊ नये. म्हाताऱ्या शरीरात शिल्लक कमी असते. तिशीतला माणूस रक्तस्रावातून चार दिवसांत उभा राहतो, ऐंशीतला आठवडाभर खाटेला खिळला की त्याच्या पायातली ताकद जाते, मग न्यूमोनिया होतो, मग भ्रम होतो. माझ्या अनुभवात टेबलावर सगळ्यात जास्त काळजी भुलीचीच असायची. रुग्ण पालथा किंवा कुशीवर, तोंडात जाड दुर्बीण, खोलीत अंधार, आणि अशा वेळी गुंगीच्या औषधाने श्वास मंदावतो. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा ऑक्सिजनचा आकडा घसरतो तेव्हा श्वास बिघडून थोडा वेळ होऊन गेलेला असतो. म्हणून वयस्कर रुग्णासाठी दुर्बीण करणारे डॉक्टर वेगळे आणि फक्त श्वासाकडे लक्ष देणारा भूलतज्ज्ञ वेगळा, यात कधीही तडजोड होऊ नये असं मी मानते. खर्च वाचवायला भूलतज्ज्ञाला गाळलं जात असेल तर ती बचत त्या म्हाताऱ्याच्या छातीवर केलेली असते.

रक्त पातळ करण्याच्या गोळ्यांचंही तसंच. नाशिकमध्ये नोट प्रेसमधून, एचएएलमधून, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधून निवृत्त झालेल्या किती जणांची अँजिओप्लास्टी झालेली आहे! ते क्लोपिडोग्रेल घेतात, काही जण वॉरफरिन. घरचे गोळ्यांची पिशवी आणायला विसरतात आणि ‘बीपीची एक आहे’ एवढंच सांगतात. माहीत असेल तर डॉक्टर त्या दिवशी स्नायू न कापता नुसती नळी टाकून पित्ताला वाट करून देऊ शकतात आणि खड्याचं नंतर बघू शकतात. माहीतच नसेल तर काय करणार? मात्र हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करून रुग्णाला आणणं त्याहूनही वाईट. नुसती पिशवी घेऊन या, बाकीचं दोन डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतील.

स्वादुपिंडाची सूज टाळायला एक साधं औषधही आहे. २०१२ साली अमेरिकेत ६०२ जोखमीच्या रुग्णांवर झालेल्या चाचणीत गुदमार्गे इंडोमेथासिनची बत्ती दिल्यावर सुजेचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आलं. मूत्रपिंडं कमजोर असलेल्या म्हाताऱ्यांत ते जपून वापरावं लागतं. पण ‘देणार आहात का, आणि नसाल तर का नाही’ हे विचारण्याचा नातेवाइकांना पूर्ण हक्क आहे.

आता टेबलाआधीच्या दिवसांकडे येते. पित्तनलिकेचा संसर्ग किती गंभीर हे ठरवण्यासाठी जगभरचे डॉक्टर टोकियोत ठरलेले निकष वापरतात, सध्याचे २०१८ चे आहेत. मध्यम गंभीर ठरवण्याच्या ५ खुणांपैकी एक म्हणजे वय ७५ किंवा त्याहून जास्त. जोडीला मोठा ताप, बिघडलेल्या पांढऱ्या पेशी, वाढलेलं बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) किंवा घटलेलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) यांपैकी एकजरी असलं तरी पित्ताचा निचरा लवकर करायचा. ग्रंथात ७५ वर्षं म्हणजे ‘घाई करा’. आपल्या घरात ७५ वर्षं म्हणजे ‘थांबू या, बघू या, आता ह्या वयात कशाला’. हा उलटा हिशेब मी २२ वर्षं पाहिला आणि त्याची किंमतही पाहिली. युरोपातल्या तज्ज्ञांची २०१९ ची शिफारस आहे की रुग्ण अत्यवस्थ असेल तर १२ तासांच्या आत पित्ताला वाट करून द्यावी. सुरगाण्याच्या पाड्यावरून नाशिकला पोहोचायलाच दोन तासांहून जास्त लागतात, आणि तेही गाडी दारात उभी असेल तर.

१९९२ साली हाँगकाँगच्या डॉक्टरांनी अशा अत्यवस्थ रुग्णांचे दोन गट केले. ४१ जणांचं पित्त दुर्बिणीने मोकळं केलं, ४१ जणांचं शस्त्रक्रियेने. दुर्बिणीच्या गटात ४ दगावले, शस्त्रक्रियेच्या गटात १३. ज्या रुग्णांना ‘काहीच सहन होणार नाही’ असं आपण म्हणतो, त्यांच्यासाठीच ही दुर्बीण जास्त उपयोगी ठरली. तिसरा गट, काहीच न करता घरी ठेवलेल्यांचा, कुणी केला नाही. तो गट आमच्याकडे आपोआप तयार होतो.

तो कसा तयार होतो ते सांगते. आमच्या जिल्ह्यात कावीळ म्हटलं की पहिला विचार दवाखान्याचा नसतो. हाताला चुना चोळून परातीत पिवळं पाणी उतरवणारे आहेत, डोक्यावर माळ ठेवणारे आहेत, नाकात औषध पिळणारे आहेत. मग उसाचा रस, लाह्या-फुटाणे, तेल-तूप बंद. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक वेळा आपली आपण बरी होते, त्यामुळे या उपायांना यश मिळाल्यासारखं दिसतं आणि लोकांचा विश्वास बसतो. मी त्या लोकांना हसत नाही. त्यांनी डोळ्यांनी बरी झालेली माणसं पाहिलेली असतात. पण नलिका तुंबून झालेली कावीळ चुन्याने उतरत नाही. सत्तरीच्या पुढच्या माणसाला कावीळ झाली तर ती पाण्याची असेल असं आधीच धरून चालूच नये. त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी व्हायला हवी. आणि म्हाताऱ्यांत पोट दुखेलच असं नाही, ताप चढेलच असं नाही. कधी कधी एवढंच होतं की आजोबा कालपासून जेवले नाहीत आणि वेळ-काळ विसरून काहीतरी बरळतायत. ‘वय झालं, होतं असं’ म्हणून ते सोडून देतात. आत्याच्या वेळी आमच्या सुशिक्षित घरातही ८ दिवस गेलेच.

कुठे थांबावं, हेही सांगितलं पाहिजे. फक्त ‘आत काय आहे ते बघू’ म्हणून ईआरसीपी करायचे दिवस संपले. ते बघायला एमआरसीपी, म्हणजे पित्तनलिकेचा एमआरआय, आहे, दुर्बिणीतून केलेली एंडोस्कोपिक सोनोग्राफी आहे, आणि त्यांनी स्वादुपिंड सुजत नाही. खडा योगायोगाने सापडला आहे, काविळीचा पत्ता नाही, माणूस अंथरुणाला खिळलेला आहे, तर घाई कुणाची आणि कशासाठी हे डॉक्टरांना विचारा आणि उत्तर पटेपर्यंत विचारा. मोठी बिलं पाहून लोकांच्या मनात संशय येतो. तो मला समजतो. म्हणूनच म्हणते, वय पुढे करून नकार देण्यापेक्षा कारण मागा. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर सरळ आलं की अर्धा धोका कळतो. उरलेला अर्धा ‘तुम्ही महिन्याला अशा किती करता?’ या प्रश्नाने कळतो. ज्यांच्या हातून ही प्रक्रिया नेहमी होते त्यांच्याकडे यश जास्त आणि गुंतागुंत कमी, ही गोष्ट सगळीकडे दिसलेली आहे. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत, हे मी पैजेवर सांगते.

आणि स्कोप धुण्याबद्दल. या दुर्बिणीच्या टोकाला तार वळवण्यासाठी एक बारीक उचलपट्टी असते. तिच्या मागच्या फटीत घाण अडकून बसते. २०१५ च्या सुमारास अमेरिकेत नीट न निघालेल्या याच घाणीतून औषधांना दाद न देणारे जंतू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेले आणि माणसं मेली. ती फट ब्रशने घासायला वेळ लागतो. बाहेर पुढचा रुग्ण थांबलेला असताना हा वेळ काढणाऱ्या सिस्टरला किंवा तंत्रज्ञाला ‘किती उशीर करता’ असं म्हणू नका.

आता नळीकडे. हे लिहिण्याचं खरं कारण तीच.

म्हाताऱ्या माणसांचे खडे बरेचदा मोठे असतात, जास्त असतात. अंगात संसर्ग असताना तासन् तास खडे फोडत बसणं धोक्याचं, म्हणून समजूतदार डॉक्टर पहिल्या दिवशी फक्त पित्ताला वाट करून देतात. ७ ते १० सेंटिमीटर लांबीची, साधारण ३ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची नळी खड्याच्या बाजूने सरकवून ठेवतात. दोन दिवसांत ताप उतरतो, कावीळ ओसरू लागते. माणूस बसून मऊ भात खातो. हा निर्णय योग्यच असतो, म्हाताऱ्यांसाठी तर अनेकदा सगळ्यात सुरक्षित. पण हे काम अर्धं आहे. नळीच्या आतल्या भिंतीवर जंतूंचा थर धरतो, पित्ताचा गाळ साठतो, आणि साधारण ३ महिन्यांत ती बंद पडायला लागते. त्याच्या आत तिला काढून खडे साफ करायचे, किंवा निदान नवी घालायची. नाही काढली तर ती स्वतःच तुंबणीचं कारण बनते. तिच्याभोवती नवे खडे धरतात. मी अशा नळ्या बाहेर येताना पाहिल्या आहेत, काळ्या पडलेल्या, गाळाने गच्च भरलेल्या, मागोमाग पू. एके काळी असा विचार होता की फार थकलेल्या माणसाला नळी कायमची ठेवली तरी चालेल. नंतरच्या पाठपुराव्यात दिसलं की अशा रुग्णांना पुढे पुन्हा पुन्हा संसर्ग होतो.

आत्याला नेमकं हेच झालं. पहिली प्रक्रिया उत्तम झाली. वय ८२, साखर, बीपी, आणि तरीही चौथ्या दिवशी ती घरी. डिस्चार्ज कार्डावर शेवटून दुसऱ्या ओळीत इंग्रजीत लिहिलेलं होतं की ६ आठवड्यांनी नळी काढण्यासाठी यावं. ते कार्ड औषधांच्या बिलांबरोबर फाइलमध्ये गेलं. दोन महिन्यांनी मी आतेभावाला फोनवर विचारलं, ‘नळीचं झालं का?’ तो म्हणाला, ‘हो ताई, दाखवून आलो.’ तो आत्याला तिच्या नेहमीच्या डॉक्टरांना बीपीसाठी दाखवून आला होता. मी ‘काढली का’ असं विचारलं नाही. हा एक शब्द मी विचारायला हवा होता, तो मला आजही टोचतो.

पुढे सगळं झाल्यावर आतेभावाने मला जे सांगितलं ते प्रत्येक डॉक्टरने ऐकावं असं आहे. तो म्हणाला, ‘ताई, डॉक्टर स्टेंट म्हणाले. बाबांना हृदयात दोन स्टेंट होते, ११ वर्षं होते. ते कुठे कुणी काढतं?’ त्याचं काय चुकलं? एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या वस्तूंना वापरतो. हृदयातली जाळी जन्माची सोबत असते, पित्तनलिकेतली प्लास्टिकची नळी चार दिवसांची पाहुणी. घरोघरी अँजिओप्लास्टी झालेली आहे, त्यामुळे स्टेंट म्हणजे कायमचा हे लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे. माझी विनंती आहे की रुग्णाशी बोलताना हा शब्द वापरूच नये. ‘तात्पुरती नळी’ म्हणा. ‘तात्पुरती’ ऐकल्यावर माणूस आपोआप विचारतो, ‘मग काढायची कधी?’

९ महिन्यांनी एका रात्री तिला हुडहुडी भरली. या वेळी १९ दिवस रुग्णालयात गेले, त्यातले ६ अतिदक्षता विभागात. ती वाचली. पण रोज पहाटे कपालेश्वराच्या पायऱ्या चढणारी बाई आता अंगणापर्यंत काठीने येते. ८२ व्या वर्षीची दुर्बीण तिला झेपली होती. आमचा विसरभोळेपणा झेपला नाही.

हे एकट्या आमच्या घराचं असतं तर मी गप्प बसले असते. आमच्या विभागात महिन्याला एखादा तरी असा रुग्ण यायचा, नळी सहा महिने, वर्ष, कधी दोन वर्षं आत. मालेगावचा, येवल्याचा, धुळ्या-नंदुरबारचा. कुणाची नळी आमच्याकडे पडलेली, कुणाची दुसरीकडे. आणि यात सगळा दोष नातेवाइकांचा म्हणून हात झटकता येणार नाही. आमच्या शहरात अनेक लहान-मध्यम रुग्णालयांत ही प्रक्रिया करणारे डॉक्टर त्या रुग्णालयाचे नसतात. बोलावलं की येतात, तासाभरात काम करून पुढच्या रुग्णालयात जातात. काम चोख करतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मग रुग्ण कुणाचा? दाखल करून घेणाऱ्या फिजिशियनचा की दुर्बीण करणाऱ्याचा? डिस्चार्ज कार्ड निवासी डॉक्टर लिहितात, ते तीन महिन्यांनी दुसरीकडे गेलेले असतात. नळी टाकणाऱ्याच्या वहीत रुग्णाचा फोन नसतो आणि फोन असणाऱ्या काउंटरला नळीची गोष्ट ठाऊक नसते. प्रत्येकाने आपलं काम केलेलं असतं आणि नळी कुणाचीच नसते.

सरकारी योजनेचंही तसंच आहे. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं आणि त्यापुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मानचं कार्ड आणि वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. ज्येष्ठांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण मंजुरी एका भरतीपुरती असते. दुसऱ्या फेरीला पुन्हा कागद, पुन्हा मंजुरी, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा मुलाचा खाडा. तोवर आजी तर ठणठणीत दिसत असते. द्राक्षछाटणीच्या दिवसांत निफाडचा शेतकरी ठणठणीत दिसणाऱ्या आईला घेऊन दोन दिवस शहरात येईल ही अपेक्षा कुणी कशी करावी? त्याला आधी कुणीतरी सांगायला हवं की ती दिसते तशी ठणठणीत नाही.

माझी मागणी लहान आहे आणि तिला नवी इमारत लागत नाही. पित्तनलिकेत नळी टाकणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने नळीची वही ठेवावी: टाकल्याची तारीख, काढायची तारीख, दोन फोन नंबर, आणि त्या वहीला जबाबदार एक माणूस. तारीख उलटली की फोन, फोन लागला नाही तर तालुक्याच्या आरोग्य केंद्राला निरोप. क्षयरोगाच्या रुग्णाचं नाव २०१२ पासून सरकारच्या निक्षय पोर्टलवर चढतं आणि त्याने गोळ्या सोडल्या तर कुणीतरी दारात येतं. सहा महिन्यांचा उपचार आपण असा पाठपुरावा करून पूर्ण करून घेऊ शकतो, तर एक तारीख का नाही? योजनेतून नळी टाकली असेल तर ती काढण्याची मंजुरी त्याच वेळी, त्याच अर्जात द्यावी, आणि रुग्णालयाच्या पैशांतला थोडा भाग नळी निघाल्याची नोंद होईपर्यंत राखून ठेवावा. मग फोन करायला कुणालाही आठवण करून द्यावी लागणार नाही. नाशिकमध्ये आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे. सगळ्या राज्याचे डॉक्टर आणि परिचारिका जिथून पदवी घेतात, त्या गावात ही वही पहिल्यांदा सुरू झाली तर ती राज्यभर जायला वेळ लागणार नाही.

डॉक्टर म्हणतात, आम्ही कार्डावर लिहून देतो. लिहिता, खरं आहे. पण कुणाला लिहून देता? ते कार्ड मुलाच्या हातात जातं. संमतीपत्रावर सही मुलाची. बोलणं मुलाशी, तेही दाराबाहेर, हळू आवाजात. ‘आईला घाबरवू नका, तिला काही सांगू नका.’ मी हे वाक्य इतक्या प्रेमाने बोललेलं ऐकलं आहे की त्याला विरोध करायला जीभ रेटत नसे. पण त्या प्रेमानेच आत्याच्या पोटातली गोष्ट आत्यापासून लपवली. घरात एकच माणूस असा होता, जो तारीख विसरला नसता. ज्यांनी दुष्काळ पाहिले, बाळंतपणं काढली, नवरे पोहोचवले, त्या बायका तीन इंचाच्या नळीला घाबरतील असं आपण का समजतो? जिच्या अंगात नळी आहे तिला ती माहीत असणं हा तिचा हक्क आहे. आणि नुसता सुरक्षिततेचा विचार केला तरी याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

दुसऱ्या वेळी खडे पूर्ण निघाले नाहीत, पुन्हा नळी ठेवावी लागली. या वेळी वॉर्डातली एक तरुण सिस्टर आत्याच्या खाटेवर टेकून बसली आणि तिने मराठीत, सावकाश सगळं सांगितलं. आत्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘काढायची कधी?’ घरी आल्यावर नातवाकडून तिने कालनिर्णयच्या पानावर लाल पेनाने गोल करून घेतला. मी तिला आठवण करायची म्हणून मनात धरून होते, पण आदल्या संध्याकाळी तिचाच फोन आला.

‘उद्या नळीची तारीख. उपाशी यायला सांगितलंय. सात वाजता रिक्षा बोलावलीय, तू साडेसहापर्यंत ये. आणि गोळ्यांची पिशवी मी घेतली आहे.’